सेवेची पदवी आणि घराचा जमाखर्च

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी प्रतापनगरातील एक स्नेही घरी आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, प्रभात शाखेचे नित्य स्वयंसेवक. पत्नी राष्ट्र सेविका समितीच्या कामात. सोबत त्यांची मुलगी होती, यंदाच बी.ए. झालेली. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग गृहस्थांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला शोभेल अशा नेटक्या अक्षरात त्यावर दोन रकाने होते. डावीकडे खर्च, उजवीकडे मिळकत. "पोरगी एम.एस.डब्ल्यू. करते म्हणून राहिली. तुम्ही चार संस्था पाहिल्या आहेत, तुम्हीच सांगा हिला, हे जमण्यासारखं आहे का?"

मुलीने फारसा वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "काका, बाबा दर आठवड्याला सेवावस्तीत जातात, आईही जाते. लहानपणापासून मलाही नेलं. आता तेच नीट शिकते म्हटलं, तर घरात सुतक आल्यासारखं का व्हावं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी वडिलांपाशी नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. सेवा हा आपल्या विचारविश्वातील अत्यंत आदराचा शब्द. बौद्धिक वर्गांत, उत्सवांत, साप्ताहिकाच्या पानांवर आपण तो वारंवार उच्चारतो. परंतु आपल्या घरातील मुलाने वा मुलीने हेच आयुष्यभराचे काम म्हणून निवडायचे ठरवले की आपल्या आवाजातील सूर पालटतो. मुलगा अभियंता होऊन रविवारी सेवा करणार असेल तर त्याचे कौतुक. तो सोमवार ते शनिवार सेवाच करणार असेल तर त्याच्या लग्नाची काळजी. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलाला स्थळे सांगून येत नाहीत, हे आपल्याच परिचयातील विवाह मंडळाच्या कार्यकर्त्या भगिनी कोणालाही सांगतील.

तेव्हा स्नेह्यांच्या कागदाकडे मी गांभीर्याने पाहिले. भावनेची बाजू क्षणभर ठेवून त्यांनी मांडलेला हिशेब आपणही मांडून पाहू. नागपूरच्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयात शिकणारी, घरीच राहणारी मुलगी धरू. शुल्क, पुस्तके, क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातील दोन दिवस वस्त्यांत आणि रुग्णालयांत जाण्याचे बसभाडे, ग्रामीण शिबिर, अभ्यास दौरा, अहवालांचे टंकलेखन हे सारे मिळून दोन वर्षांत पन्नास हजार रुपये धरायला हरकत नाही. पण खरा खर्च हा नव्हेच. बी.ए. होऊन ती एखाद्या कार्यालयात लागली असती तर महिन्याला बारा हजार मिळाले असते असे धरा. दोन वर्षांत हे २ लाख ८८ हजार होतात. न मिळालेले पैसे कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून ते खर्चात दिसत नाहीत. एकूण झाले ३ लाख ३८ हजार.

आता मिळकत. बालकांच्या संरक्षणासाठी केंद्राची मिशन वात्सल्य नावाची योजना आहे आणि तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातील प्रत्येक पदाचे मासिक मानधन ठरवून दिले आहे. त्यात सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६ रुपये आहेत. त्याच कक्षातील लेखापालालाही १८,५३६ रुपयेच. त्यावरच्या पायरीवरील संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४, तर वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष फिरणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२. पदे सगळी कंत्राटी. घरातून पळालेले मूल, बापाने मारलेले मूल, बालविवाहाच्या मांडवातून उचलून आणलेली मुलगी, यांच्यासंबंधी न्यायालयापुढे जाणारा अहवाल लिहिणाऱ्याचे हे मोल. लेखापालाच्या कामाला कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु लेखापालाला रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यातून दूरध्वनी येत नाही.

असो. बारा हजार आणि १८,५३६ यांतील फरक महिन्याला ६,५३६ रुपयांचा. या फरकातून ३ लाख ३८ हजार भरून यायला चार वर्षे आणि चार महिने लागतात. मुलगी भंडाऱ्याहून वा वाशीमहून नागपुरात येऊन राहणारी असेल, खोली आणि खानावळ मिळून महिन्याला सहा हजार धरले, तर वीस महिन्यांचे १ लाख २० हजार वाढतात आणि परतफेड पावणेसहा वर्षांच्या पुढे जाते. इथवर गोष्ट कठीण आहे, पण अशक्य नाही.

अडचण पुढेच आहे. स्नेह्यांच्या कागदावर नागपूरचे महाविद्यालय नव्हते. दूरच्या शहरातील एका खाजगी विद्यापीठाचे माहितीपत्रक त्यांच्या घरी आले होते. गुळगुळीत कागद, हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे आणि शेवटच्या पानावर शैक्षणिक कर्जाची सोय. चार लाखांचे कर्ज सात वर्षांच्या मुदतीने, दहा टक्के व्याजाने घेतले तर महिन्याचा हप्ता ६,६४० रुपयांच्या घरात जातो. आता वरचा आकडा आठवा. पदवीमुळे पगारात पडणारा फरक ६,५३६ रुपये. म्हणजे पदवीने जे वाढवून दिले ते सगळे हप्त्यात जाऊन वर शंभर रुपये पदरचे घालावे लागणार, तेही सात वर्षे. नोकरी कंत्राटी असल्याने मधे दोन-चार महिने खंड पडला, तर तो वेगळाच. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे गणित मी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी ते आधीच केले होते. त्यांना फक्त कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवे होते.

मी ते म्हणालो. कर्ज काढून ही पदवी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पण पदवीच घेऊ नये हे मत माझे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्यात असे मानणारा एक मोठा वर्ग आहे की सेवेला पदवी कशाला? मनात तळमळ हवी, मग सारे जमते. या म्हणण्याला नागपूरचाच इतिहास दुजोरा देत नाही. कमलाताई होस्पेट यांना अल्पवयात वैधव्य आले. त्यांनी परिचारिकेचे आणि सुईणपणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह मातृ सेवा संघाची स्थापना केली. स्त्रिया अंधाऱ्या खोलीत, अडाणी हातांनी बाळंत होत आणि त्यात जीव गमावत, तो हा काळ. कमलाताईंपाशी तळमळ होतीच; पण बाळंतिणीचा जीव वाचला तो शिकलेल्या हातांनी. पुढे याच मातृ सेवा संघाने १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था नागपुरात सुरू केली. बजाजनगरातील ही संस्था विदर्भातील कित्येक कार्यकर्त्यांची गुरुकुल ठरली आहे. सेवेतून शिक्षणाकडे जाण्याचा हा प्रवास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे.

बाबा आमटे वकील होते. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरल्यावर ते कलकत्त्याला जाऊन त्या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेऊन आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत आहेत. तेथे जाण्यापूर्वी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती. वैचारिक मतभेद असतील तेथे असोत. आधी शिकून मग उतरणे, हा धडा त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. या देशात समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ १९३६ साली मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या त्या विद्यालयाचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकेहून आलेले मिशनरी होते. तेच विद्यालय आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ मध्ये निघाले ते ख्रिस्ती भगिनींच्या पुढाकाराने. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या उद्योगावर आपण टीका करतो आणि ती योग्यच आहे. परंतु कार्यकर्त्याला आधी शिकवायचे, मग कामावर धाडायचे आणि तो तेथे असेपर्यंत त्याच्या चरितार्थाची व्यवस्था करायची, ही शिस्त त्यांनी पाळली. टीका करताना हे का विसरावे?

आपल्याकडेही १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था उभी राहिली आणि नंतर राज्यभर महाविद्यालये निघाली. त्यांची एक गंमत अशी, की अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचा कारभार उच्च शिक्षण खात्याऐवजी समाजकल्याणाच्या, म्हणजे आजच्या सामाजिक न्याय खात्याच्या, छत्राखाली ठेवला गेला. त्यामुळे वसतिगृहांना अनुदान देणाऱ्या खात्याकडेच प्राध्यापकांच्या जागांची फाईल. जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरचे तरुण अध्यापक वर्गामागून वर्ग घेतात आणि क्षेत्रकार्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड उरत नाही. या शिक्षणाचा जीव तर क्षेत्रकार्यातच असतो. तेव्हा महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये; क्षेत्रकार्याचा अहवाल कोण वाचतो आणि त्यावर लाल शाईने लिहितो का, हे मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारावे.

शिकलेला कार्यकर्ता आणि उत्स्फूर्त स्वयंसेवक यांत स्पर्धा नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसायला, प्रेते बाहेर काढायला, अन्न पोहोचवायला स्वयंसेवक धावले. त्या दिवसांत कोणाच्या पदवीची चौकशी झाली नाही, होऊही नये. परंतु पुढची वर्षे निराळी होती. एका घरातील तीन माणसे गेली, उरलेली आजी आणि नातू; भरपाईची रक्कम कोणाच्या नावे ठेवायची? नव्या वसाहतीत घर मिळाले, पण गोठा नाही, शेजार बदलला, आणि कर्ता पुरुष बोलेनासा झाला; तो आजारी आहे की शोकात आहे? तेथे जो बसतो त्याला कायदा माहीत असावा लागतो, माणसाचे मन ओळखता यावे लागते, नोंद ठेवता यावी लागते. हे काम दहा दिवसांचे नव्हे, दहा वर्षांचे असते. ते फावल्या वेळात होत नाही.

आणि जे फावल्या वेळात होत नाही, ते करणाऱ्याचा योगक्षेम कोणी चालवायचा, हा प्रश्न आपण टाळत आलो आहोत. प्रचारकांचा आदर्श आपल्यासमोर आहे. कात्रे गुरुजींनी १९६२ मध्ये चांपा येथे सुरू केलेल्या कुष्ठसेवेच्या कामाला दामोदर गणेश बापट यांनी आपले सारे आयुष्य दिले. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचा हा माणूस. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. अशा व्रतस्थ माणसांपुढे नतमस्तकच व्हावे. परंतु त्यांच्या उदाहरणावरून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढतो, की सेवा करणाऱ्याला काही लागत नाही. प्रचारकाला लागत नाही, कारण त्याला घर नाही आणि त्याचे जेवण, औषधपाणी, प्रवास शेकडो घरे मिळून सांभाळतात. गृहस्थाश्रमी कार्यकर्त्याला घरभाडे असते, मुलाची शाळा असते, म्हाताऱ्या आईचे औषध असते. प्रचारकाचे निकष त्याला लावणे हा त्याग नव्हे. तो दुसऱ्याच्या संसारावर आपण केलेला त्याग आहे.

हे नानाजी देशमुखांनी ओळखले होते. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचा हा थोर पुरुष स्वतः अविवाहित प्रचारक. चित्रकूटच्या परिसरातील गावे उभी करताना मात्र त्यांनी समाजशिल्पी दांपत्यांची योजना आखली. सुशिक्षित, विवाहित जोडप्याने गावात जाऊन राहायचे, काही वर्षे आसपासच्या गावांत काम करायचे आणि त्यांच्या निर्वाहाची तजवीज संस्थेने करायची. गावातील स्त्रियांशी बोलायला स्त्री हवी, शेतकऱ्याच्या बांधावर जायला पुरुष हवा, आणि ज्याचे स्वतःचे घर आहे त्याचेच घराविषयीचे बोलणे गाव ऐकते, इतका साधा विचार त्यामागे होता. नानाजींना २०१९ मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हा आपण आनंद साजरा केला. त्यांच्या या योजनेचा व्यवहार आपल्या किती संस्थांनी उचलला?

एक प्रसंग सांगतो. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही; अशा संस्था अनेक आहेत आणि माणसे सगळी सज्जन आहेत. काही वर्षांपूर्वी एका न्यासाच्या वार्षिक सभेला मी निमंत्रित म्हणून गेलो होतो. वनवासी मुलांचे वसतिगृह चालवणारा न्यास. कोषाध्यक्षांनी हिशेब वाचला आणि अभिमानाने सांगितले, "वेतन आणि प्रशासन यांवर आपला खर्च एकूण खर्चाच्या अवघा चार टक्के आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सभागृहाच्या दाराशी वसतिगृहाचा अधीक्षक उभा होता. समाजकार्याची पदवी घेतलेला, तिशीच्या आतला तरुण. मुलांना सकाळी उठवण्यापासून त्यांच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालण्यापर्यंत सारे तोच करी. ते चार टक्के म्हणजे तो होता. त्याने टाळ्या वाजवल्या की नाही, मी पाहिले नाही.

दोन महिन्यांनी तो सूक्ष्म कर्ज देणाऱ्या एका कंपनीत वसुलीच्या कामावर गेला. पगार दुप्पट. त्याला बोल लावावा असे कोणालाही वाटले नाही, पण त्याला थांबवावे असेही कोणाला वाटले नाही. "दुसरा मिळेल," असे एक विश्वस्त म्हणाले. मिळालाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन मुले वसतिगृहात परतली नाहीत. त्यांच्या घराचा रस्ता जुन्या अधीक्षकाला ठाऊक होता, नव्याला नव्हता.

देणगीदाराची मानसिकता हा या दुखण्याचा मुळातील भाग आहे. खोलीवर संगमरवरी पाटी लागते, पंख्याच्या पात्यावर आजोबांचे नाव रंगवता येते; पगारावर नाव कसे लिहिणार? म्हणून खोल्यांना पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक झाले. पैसा आला, पण तोही बहुधा वस्तूंकडे वळतो, कारण वस्तूंचे छायाचित्र निघते. परकीय निधीवरील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. परदेशी पैशावर पंचतारांकित परिषदा भरवणाऱ्यांना हा लगाम आवश्यकच होता. परंतु परकीय पैसा नको असे आपण म्हणतो, तेव्हा स्वकीय पैशातून कार्यकर्त्याचे वेतन देण्याची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. ती घेतल्यावाचून नुसता लगामाचा आनंद मानणे अपुरे आहे.

सरकारकडेही बोट दाखवायला जागा आहे. शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतील गृहपाल ही समाजकार्याच्या पदवीधराची हक्काची ठिकाणे. अशा नियमित पदांपैकी काहींचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते निराळे. १८,५३६ च्या कंत्राटापुढे हे दुपटीहून अधिक झाले. परंतु नियमित भरती वर्षानुवर्षे रखडते आणि जाहिरात आली की एकेका जागेवर तुटून पडणारी गर्दी दिसते. तोवर मुलामुलींची वयोमर्यादा उलटते.

दुसरे असे की परिचारिकेला, वकिलाला, सनदी लेखापालाला कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे. समाजकार्याला संपूर्ण व्यवसाय म्हणून अशी राष्ट्रीय परिषद मिळालेली नाही. त्यामुळे कोणीही उठावे आणि स्वतःला समाजसेवक म्हणवून घ्यावे. निवडणुकीच्या फलकांवर तर दर चौथा माणूस समाजसेवकच असतो. थोडी आशा अशी की २०२१ च्या आरोग्यसंलग्न व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्याच केली. त्यासाठी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर आणखी दोन वर्षांचे एम.फिल. लागते. खर्च वाढतो, पण काम कायद्याने ओळखलेले. ज्या नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्या नागपुरातील किती घरांत मुलांना ही वाट ठाऊक आहे, असा प्रश्न पडतो.

कारखान्यांची वाट जुनीच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमानुसार पाचशे कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आली आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या परिसरात त्यामुळे काही जागा निघाव्यात. पदवी घेणारे कित्येकजण शेवटी तिकडेच जातात, कारण पगार बरा असतो. त्यांना नावे ठेवू नयेत. कामगाराचे भांडण मालकापर्यंत सभ्यपणे नेणे हीदेखील सेवाच आहे. दत्तोपंत ठेंगडींनी उभ्या केलेल्या कामगार चळवळीच्या वारसदारांना हे निराळे सांगायला नको.

हे सगळे स्नेह्यांना सांगून झाले तेव्हा दुपार झाली होती. मी तीन गोष्टी सुचवल्या. खाजगी विद्यापीठाचे माहितीपत्रक रद्दीत घालावे. नागपुरातील अनुदानित महाविद्यालयात, घरी राहून, कर्जाविना शिकावे. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस वैद्यकीय समाजकार्य घ्यायचे की बालसंरक्षण, हे क्षेत्रकार्याचा अनुभव पाहून ठरवावे, नुसत्या ओढीने ठरवू नये. मुलगी वाशीमची वा गडचिरोलीची असती, तर शासकीय वसतिगृह, अनुसूचित जातींसाठीची स्वाधार योजना, वनवासी विद्यार्थ्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना यांची चौकशी आधी करायला सांगितले असते. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो आणि संस्था शुल्क आधी मागते, हा घोळ जुना आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेत विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला तो अशाच कारणाने. त्या आंदोलनाचे रंग कोणाला रुचोत वा न रुचोत, मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या खिशात प्रवेशाच्या दिवशी पैसे नसतात, ही वस्तुस्थिती रंगाने बदलत नाही.

गृहस्थांनी सारे कागदावर टिपून घेतले. मग चष्मा काढून ते म्हणाले, "म्हणजे चार वर्षं आणि चार महिने." मी म्हटले, हो, नोकरी लगेच लागली तर. ते म्हणाले, "आणि आपल्याच एखाद्या संस्थेत लागली तर?" याचे उत्तर मला देता आले नाही. आपल्या संस्थेत ती लागली तर मानधन किती असेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. ते बारा हजारांच्या वर जाण्याची शक्यता कमी. मग ३ लाख ३८ हजार कधीच भरून येणार नाहीत. ज्या कामासाठी ही मुलगी आमच्याच घरात घडली, तेच काम तिला सर्वांत महाग पडणार.

संघाने २०२५ च्या विजयादशमीला शंभर वर्षे पूर्ण केली. या निमित्ताने घरोघरी संपर्क झाला, सेवाकार्यांच्या पुस्तिका निघाल्या, त्यांत कार्यांची संख्या मोठ्या टायपात छापलेली असते. त्या प्रत्येक कार्यावर एक माणूस उभा असतो. त्याला महिन्याला किती मिळते, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, त्याची पत्नी आजारी पडली तर कोण पाहते, हा रकानाही पुस्तिकेत असावा, अशी माझी सूचना आहे. ती कोणाला व्यवहारी वाटेल. खुशाल वाटो.

परवा स्नेह्यांचा दूरध्वनी आला. मुलीने नागपुरातच अर्ज भरला आहे. कर्जाचा विषय निघाला नाही. आईने मात्र विचारले, क्षेत्रकार्यासाठी मुलीला एकटीला कोणकोणत्या वस्तीत पाठवतात. ती स्वतः त्यांपैकी दोन वस्त्यांत पंधरा वर्षे जाते आहे.

त्या वसतिगृहाच्या न्यासाच्या यंदाच्या सभेची सूचना माझ्या टेबलावर आहे. विषयपत्रिकेत नव्या सभागृहाचे बांधकाम आहे, वाहनखरेदी आहे, लेखापरीक्षकांची नेमणूक आहे. अधीक्षकाच्या वेतनाचा विषय नाही. तो घ्यावा, आणि लेखापालाच्या वेतनाचा आकडा शेजारी लिहून घ्यावा, असे पत्र मी काल सचिवांना पाठवले आहे.